दस्तऐवजांनी जिंकलेला पश्चिम

'अमेरिकेचा पश्चिमविस्तार' हा शब्दप्रयोगच फसवा आहे. विस्तार म्हटला की मोकळ्या जागेत पसरणे आले. ही भूमी मोकळी नव्हती. ती प्रथम कागदोपत्री मोकळी करण्यात आली. बंदुका आणि घोडेस्वार यांच्या कथा आपण चवीने वाचतो. ज्या कायद्याने ही लूट पचविली, त्याकडे मात्र आम्हां वकिलांचेही क्वचितच लक्ष जाते.

१८२३ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निर्णय दिला की, भूमीचा 'शोध' लावणाऱ्या ख्रिस्ती राष्ट्राकडे तिचे स्वामित्व जाते; मूळ रहिवाशांस उरतो तो केवळ वहिवाटीचा हक्क. या तत्त्वाचे मूळ पंधराव्या शतकातील पोपच्या फर्मानांत आहे. त्यांपैकी १४५५ चे फर्मान पोर्तुगालच्या राजाला मिळाले होते, हे गोमंतकीय वाचकाने ध्यानात घ्यावे. व्हॅटिकनने २०२३ मध्ये हे तत्त्व नाकारले. मार्शल यांचा निर्णय मात्र आजही रद्द झालेला नाही.

मूळचे लोक रानटी होते, हा बचाव तर क्षणभरही टिकत नाही. चेरोकी लोकांपाशी स्वतःची लिपी होती, १८२७ ची लेखी राज्यघटना होती, १८२८ पासून वृत्तपत्र होते. परंतु कापसाच्या मळेवाल्यांचा डोळा त्यांच्या जमिनीवर होता, आणि तेथे सोनेही सापडले! १८३० मध्ये हद्दपारीचा कायदा झाला. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जॉर्जियाचे कायदे चेरोकी प्रदेशात चालत नाहीत, असे बजावले. निकाल कागदावरच राहिला. १८३५ मध्ये अधिकार नसलेल्या मूठभरांच्या सह्या घेऊन करार उरकण्यात आला. असले मुखत्यारपत्र आमच्या तालुका कोर्टातील कारकूनही दप्तरी घेणार नाही. १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० माणसे हाकलली गेली; त्यांतील ४,००० च्या आसपास छावण्यांत व वाटेत मेली.

गरिबांना १८६२ च्या कायद्याने १६० एकर फुकट मिळाले, असे समर्थक सांगतात. कोणाचे एकर?

१८६८ च्या कराराने ब्लॅक हिल्स हे पवित्र डोंगर लाकोटांकडे राहिले. तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांवाचून त्या प्रदेशातील जमीन सोडली जाणार नाही, असे कलमच त्यात होते. १८७४ मध्ये सोने सापडले. पुढे जेमतेम दशांश लोकांच्या सह्या जमल्या आणि १८७७ मध्ये काँग्रेसने डोंगर घेतले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई कायम केली. लाकोटांनी ती घेतली नाही. मोबदला स्वीकारणे म्हणजे विक्री कबूल करणे, हे त्यांस कोणा वकिलाने शिकवावे लागले नाही. व्याजासह ती रक्कम शंभर कोटींपलीकडे गेली आहे. त्यांची मागणी डोंगरांची आहे.