पोरांचं दरपत्रक

मी हिशेबाचा माणूस. वीस वर्षं लंडनच्या पश्चिमेला राहतो, दिवसभर कंपन्यांचे ताळेबंद तपासतो आणि गेली काही वर्षं घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेच्या नियामक मंडळावर बसतो. काम बिनपगारी. मंडळावर अकाउंटंट सापडला की आर्थिक समिती त्याच्या गळ्यात बांधायची, अशी इथली रीत आहे. तिथं बसून मी जे दरपत्रक वाचलं, ते बघून मोंढ्यातला आडत्यासुद्धा मान खाली घालेल.

२०२२ सालचे भाव सांगतो. 'होम्स फॉर युक्रेन' योजनेतून आलेलं प्राथमिकच्या वयाचं मूल, वर्षाला ६,५८० पौंड. माध्यमिकचं, ८,७५५. अफगाणिस्तानातून सरकारनं स्वतः विमानात बसवून आणलेलं मूल, ४,५००. ही रक्कम केंद्र सरकार मुलाच्या शिक्षणापोटी स्थानिक कौन्सिलला देत होतं. आणि त्याच अफगाणिस्तानातलं, पण रबरी बोटीतून आलेलं, आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत हॉटेलच्या एका खोलीत राहणारं मूल? शून्य. कौन्सिलला अशा माणसांमागे एकरकमी काही मिळत होतं, पण त्यावर 'शाळेसाठी' असा शिक्का नव्हता.

युक्रेनच्या पोरांचा हेवा करायचंही कारण नाही. अनोळखी इंग्रजाच्या घरी उतरलेल्या पोराला वरचा भाव. सख्ख्या मावशीकडे, 'फॅमिली स्कीम'च्या व्हिसावर आलेल्या पोराचे कौन्सिलला शून्य पौंड. दोघांचं गाव एक, त्या गावावर पडलेले बॉम्ब एक, पण मावशी असणं अंगाशी आलं. हे ठरवणारा अधिकारी रात्री शांत झोपत असणार, कारण त्याचा तक्ता बरोबर जुळतो.

कायदा मात्र स्वच्छ आहे. शाळेच्या वयाचं मूल हद्दीत राहत असेल तर त्याला जागा मिळवून देणं कौन्सिलचं काम. आईबाप कुठल्या कागदावर आले, हे कायदा विचारत नाही. विचारतो तो खजिना.

आता खरी गंमत. इथं शाळेला पैसे मिळतात ते ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी होणाऱ्या पटमोजणीवर, आणि आमच्यासारख्या कौन्सिलच्या शाळेत ते पोचतात पुढच्या एप्रिलपासून. आमच्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. सोरानी कुर्दिश बोलणारी, मुक्काम हॉटेलात. ती मोजली जाणार ऑक्टोबर २०२४ ला, तिचे पैसे येणार एप्रिल २०२५ ला. सतरा महिने! मोफत जेवणावर मिळणारा 'प्युपिल प्रीमियम' आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठीचा वाढीव निधी, तोही याच मोजणीच्या मागून चालत येतो. २०११ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावर मुलं होती आणि बाकांवर नव्हती. इथं पोरगी समोर बाकावर बसलेली आणि हिशेबाला ती जन्मलेलीच नाही.

एक कबुली द्यायला हवी. इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी आमच्याकडे आठवड्यातून दोन सकाळी एक शिक्षिका येत असे. चित्रं, खेळण्यातली भांडी, बसची तिकिटं घेऊन शिकवायची. तिच्यासमोर तीन-तीन महिने तोंड न उघडलेली पोरं बोलायला लागलेली मी पाहिली आहेत. ती मुलगी यायच्या आधीच्या वर्षी बजेट जुळेना, तेव्हा त्या शिक्षिकेच्या नावावर काट मारली. पेन माझं होतं. कुर्दिश मुलीच्या वाट्याला मग एक टॅबलेट आला आणि वर्गाच्या मागच्या बाजूचं टेबल.

पैसा नाही, हे उत्तर मला ऐकवू नका. ताळेबंद वाचणं हा माझा धंदा आहे. २०२३ मध्ये हॉटेलांवर दिवसाला सुमारे ८० लाख पौंड उडत होते. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी परदेशी मदतीच्या निधीतला पावाहून मोठा हिस्सा निर्वासितांच्या नावानं देशातच खर्ची पडला. ज्या खोलीत पोरगी झोपते तिला पैसा आहे, ज्या वर्गात शिकते त्याला नाही. आणि रंगाला आहेच आहे. डोव्हरला एकटी येणारी मुलं जिथं उतरवून घेतात, तिथल्या भिंतीवर मिकी माउस काढलेला होता. तो फार स्वागतशील दिसतो म्हणून २०२३ च्या जुलैत मंत्री रॉबर्ट जेनरिक यांच्या हुकमावरून पुसण्यात आला. खर्च सुमारे १,५०० पौंड. माझ्या शिक्षिकेच्या कितीतरी सकाळी त्या रंगात बुडाल्या.

कागद बघून पोराची किंमत करायची खोड जुनी आहे. १९६६ च्या कायद्याच्या कलम ११ खाली कौन्सिलांना परक्या भाषेच्या मुलांसाठी जादा शिक्षक ठेवायला अनुदान मिळे, पण फक्त राष्ट्रकुलातून आलेल्यांसाठी. मुंबईचं किंवा कंपालाचं पोरगं चाललं, व्हिएतनामचं नाही. ही अट काढायला १९९३ उजाडलं. पुढं वेगळं अनुदान आलं, आणि २०११ मध्ये तेही शाळांच्या सर्वसाधारण निधीत ओतलं. ओढ्यात ओतलेली घागर कुणी परत मोजतं का?

म्हणजे आपल्या लोकांच्या पोरांना इंग्रजी शिकवायला एकेकाळी खास पैसे आले होते. हे आपण सोयीनं विसरलो. १९७२ साली युगांडाच्या अमीननं हाकललेल्यांपैकी सुमारे २८ हजार आशियाई इथं आले, त्यांत तिथल्या सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं खर्डेघाशी केलेले गोंयकारही होते. लेस्टरच्या कौन्सिलनं तेव्हा युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'आमच्याकडे येऊ नका' म्हणून बजावलं होतं. आज तेच लेस्टर दिवाळीच्या रोषणाईचे फोटो मिरवतं. आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला कॉमन्समध्ये बोटीतल्या माणसांना 'आक्रमण' म्हणणाऱ्या तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांच्या वडिलांचं मूळ गोव्याचं, ते आले केनियातून. शिडी वर ओढून घेण्यात आपली माणसं कुणाला हार जात नाहीत.

गेल्या गणपतीत एका मित्राकडे मोदक खाताना तोच सूर लागला. "आपण व्हिसाची फी भरली. हे फुकटे आपला टॅक्स खातात." मी म्हटलं, "अरे, तू २००८ च्या मार्चात उतरलास. एप्रिलात तुझा पोरगा इथल्या शाळेत होता, इंग्रजीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं त्याला. तोवर किती टॅक्स भरला होतास रे?" वहिनी हसल्या, तो नाही. पुढचा मोदक मला आग्रहानं वाढला गेला नाही, एवढं खरं.

माझं मागणं अकाउंटंटचंच आहे. दर एक ठेवा. मूल ज्या दिवशी वर्गात बसेल त्या दिवसापासून द्या, थेट शाळेला, आणि ते हललं तर पैसे त्याच्या दप्तराबरोबर पुढच्या शाळेत जाऊ द्या. युक्रेनच्या वेळी काही आठवड्यांत योजना उभी राहिली होती, तेव्हा जमत नाही म्हणू नका.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. उन्हाळ्यापर्यंत ती बोलू लागली होती. पाढे तर वर्गात सगळ्यांच्या आधी म्हणायची. शाळेचं नवं वर्ष सुरू झालं आणि हॉटेल रिकामं करायचा हुकूम आला. कुटुंबाला तीन दिवसांच्या सूचनेवर दुसऱ्या शहरी हलवलं. ती गेली २० सप्टेंबरला. पटमोजणी होती ३ ऑक्टोबरला. आमच्या वहीत तिच्या नावावर एक पेनी जमा नाही.