ज्याच्या नावावर एकच गोल



खेळाचा विषय या सदरात आम्ही क्वचितच घेतो. पण गेल्या रविवारी विहारातून वंदना आटोपून घरी आलो, तर आमची दोन्ही लेकरे हमरीतुमरीवर आलेली. मोबाईलवर इंग्लंडच्या लेस्टर सिटी या फुटबॉल संघाचे जुने सामने पाहता पाहता वाद पेटला होता. २०१५-१६ च्या हंगामात त्या संघाचा सर्वांत मोलाचा खेळाडू कोण? थोरला म्हणे जेमी वार्डी, धाकटी म्हणे रियाद महरेझ. निवाडा आमच्यावर आला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेस्टर हा काही बड्या धेंडांचा संघ नव्हे. आदल्या हंगामात तो बराच काळ तळाला रुतून बसला होता, शेवटी कसाबसा १४ व्या क्रमांकावर तरला. तो विजेता होईल यावर सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार असा भाव लावला होता. तोच संघ ३८ सामन्यांपैकी अवघे ३ हरला आणि ८१ गुण मिळवून अजिंक्य ठरला.

आता वार्डी पाहा. सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबने त्याला घरी पाठवले. मग वैद्यकीय आधारपट्टे बनवणाऱ्या कारखान्यात काम करीत तो आठवड्याला ३० पौंडांवर खेळत राहिला. पुढे याच गड्याने सलग ११ सामन्यांत गोल करून विक्रम केला. त्या हंगामात त्याचे २४ गोल झाले आणि फुटबॉल लेखकांच्या संघटनेने त्याला वर्षाचा खेळाडू निवडले. कामगाराच्या बाजूने आमचेही मन झुकलेच, खोटे कशाला बोला!

धाकटीचा महरेझही कमी नाही. अल्जेरियन बापाचा, पॅरिसच्या उपनगरात वाढलेला मुलगा. १७ गोल स्वतः केले, आणखी ११ दुसऱ्यांना करून दिले. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने म्हणजे खुद्द खेळणाऱ्यांनी त्याला गौरवले. तो मान मिळवणारा तो पहिला आफ्रिकी खेळाडू.

आम्ही दोघांचेही ऐकून घेतले आणि तिसरेच नाव घेतले, एन्गोलो कांते.

"बाबा, त्याचा तर एकच गोल!" दोघे एकदम ओरडले. आत्तापर्यंत भांडत होते, आमच्याविरुद्ध मात्र लगेच एकी!

गोल एकच, खरे आहे. मालीहून फ्रान्सला आलेल्या कुटुंबातला हा बुटका मुलगा मैदानाच्या मधोमध खेळायचा. प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा, आपल्या माणसाला द्यायचा आणि पुन्हा धावायला लागायचा. त्या हंगामात त्याने १७५ टॅकल केले, साऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. वार्डीच्या पुढ्यात मोकळ्या मैदानात चेंडू पडतो तेव्हा तो कुणी हिसकावून आणलेला असतो, हे पडद्यावर दिसत नाही. "पगार आणणाऱ्याचं नाव होतं, घर सावरणारीला कोण विचारतं?" भाजी निवडता निवडता आमच्या घरच्या बाई बोलल्या. आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे केले.

पुरावा पुढच्या वर्षी मिळाला. २०१६ च्या उन्हाळ्यात कांते चेल्सीकडे गेला. वार्डी आणि महरेझ लेस्टरमध्येच होते, तरी वार्डीचे गोल १३ वर आले, महरेझचे ६ वर. आदल्या वर्षी लेस्टरने ३६ गोल खाल्ले होते, आता ६३ खाल्ले. संघ १२ व्या क्रमांकावर घसरला, प्रशिक्षक रानिएरींची नोकरी गेली. आणि दहाव्या क्रमांकावरचा चेल्सी पहिला आला! त्या २०१७ साली खेळाडू आणि लेखक या दोन्ही संघटनांनी कांतेलाच निवडले. चेल्सीला प्रशिक्षकही नवा मिळाला होता, लेस्टरवर युरोपातील सामन्यांचा बोजा पडला होता, हे आम्ही नाकारत नाही. तरीही योगायोग म्हणून सोडून देण्याइतका हा फरक लहान नाही.

मान देताना कुणाकडे डोळेझाक होते, हे आपल्या लोकांना नवे नाही. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी हिंदू जिमखान्याच्या संघाचे कर्णधार म्हणून त्यांची नेमणूक कधी झाली नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना तो मान मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून हरले, तो इतिहास निराळा.) कांतेवर जातीचा अन्याय झाला असे आम्ही म्हणत नाही, त्याला तर वर्षभरात मान मिळाला. पण संघाच्या मधोमध राबणाऱ्याचे नाव पहिल्या वर्षी मागे राहिलेच.

थोरल्याला आमचा निवाडा मान्य नाही. तो म्हणतो, गोलच झाले नसते तर चेंडू अडवून काय उपयोग होता? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, जेवताना पुन्हा निघालाच. धाकटीने मात्र तोच सामना परत लावला. या खेपेस चेंडू सोडून फक्त कांतेकडे पाहायचे असे ठरवून तो किती चेंडू काढतो ते ती बोटांवर मोजू लागली. थोड्या वेळाने तिने थोरल्याची बोटे उसनी मागितली.