लेकराचा गुडघा सुजल्यावर विचारायचं कुणाला?

हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त लवकर न गोठणाऱ्या, लेकरांच्या आईबापांना एआय चॅटबॉट देऊ नका, असं सांगणाऱ्या डॉक्टरांचा हेतू चांगला आहे. खेड्यातली माणसं यंत्राच्या भरवशावर दवाखाना टाळतील, ही त्यांची भीती.

हिंगोलीत ही भीती टिकत नाही. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या गावात रात्री लेकराचा गुडघा टम्म सुजला, तर माय आज कुणाला विचारते? शेजारणीला. ती शेकायला, तेल लावून चोळायला सांगते. त्यानं रक्तस्राव वाढतो. सकाळी मेडिकलवरून दुखण्याची गोळी येते. तिच्यात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन असलं तर आगीत तेल. सांध्यात पुन्हापुन्हा रक्त साचलं की तो कायमचा आखडतो. चुकीचा सल्ला आजही घरोघर मिळतोच आहे, आणि तो तपासणारं कुणी नाही. बर्फ लावा, चोळू नका, फॅक्टरसाठी (रक्त गोठवणाऱ्या इंजेक्शनसाठी) लगेच निघा, एवढं त्या घडीला तिच्या बोलीत ऐकू आलं, तर दवाखाना टळत नाही, लवकर गाठला जातो.

यंत्र चुकतं, हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच मोकाट चॅटबॉट मलाही नको. रक्तविकारतज्ज्ञांनी तपासलेल्या मजकुराबाहेर त्यानं जाऊ नये, फॅक्टरचा डोस सांगू नये. डोक्याला मार लागला म्हटलं की प्रश्न विचारत बसू नये: निघा, आधी फॅक्टर, सीटी स्कॅन नंतर. ‘लेकराच्या अंगावर काळंनिळं उमटायलंय’ हे त्याला कळलं पाहिजे आणि लिहिता न येणाऱ्या मायशी त्याला बोलता आलं पाहिजे.

आणखी एक दुखणं आहे, ज्याबद्दल आक्षेप घेणारे बोलतच नाहीत. हा आजार आईकडून येतो, एवढं अर्धवट ऐकून सासरचे सुनेला बोल लावतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो. आणि असला तरी त्यात तिचा काय गुन्हा? ओपीडीच्या गर्दीत हे समजावून सांगायला वेळ नसतो, आणि सासूसमोर सून विचारत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, हेही तिच्यापर्यंत पोचत नाही.

तेव्हा निदानाच्या दिवशीच जिल्हा रुग्णालयानं असा चॅटबॉट मायच्या मोबाईलवर सुरू करून द्यावा आणि पहिला प्रश्न तिनं नर्सबाईंसमोरच बोलून पाहावा. फ्रिजमध्ये फॅक्टर किती शिल्लक आहे, हे रुग्णालयानं त्याला रोज कळवावं. नाहीतर सुजलेला पाय घेऊन लेकराला हिंगोलीहून नांदेडचा हेलपाटा पडेल.