घाणेरीचें रान आणि गुरांचें पोट

हर्णे बंदरावरून दापोलीकडे जातांना दुतर्फा हिरवेंगार रान पाहून परका माणूस म्हणतो, काय हा समृद्ध मुलूख! शेतकरी बंधूंनो, त्या हिरवाईंत पुष्कळशी घाणेरी आहे. ज्या वरकस जमिनींत वाडवडिलांनीं नाचणी-वरी पिकविली, गवताच्या उडव्या रचल्या, तेथें आज गाय शिरूं शकत नाहीं. माणसें मुंबईस गेलीं, जमीन ओस पडली, ती या कांटेरी झुडपानें बळकावली.

हें झुडूप आमच्या मातीचें नव्हे. मूळ अमेरिकेंतलें, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कंपनी सरकारच्या कलकत्त्याच्या बागेंत शोभेसाठीं आणलें. साहेब १९४७ सालीं गेला, त्याची शोभा आमच्या बांधावर राहिली. बुलबुल, साळुंक्या काळीं फळें खातात आणि बीं रानभर टाकतात.

गुरें सहसा घाणेरीला तोंड लावीत नाहींत. पण वैशाखांत उपाशी जनावर काय करील? पाला खाल्ला कीं यकृत बिघडतें, डोळे पिवळे पडतात, जनावर चारा सोडतें आणि उन्हांत त्याची कातडी सोलवटते. लोक म्हणतात नजर लागली, कोणी देवऋष्याकडे धांवतो. अंगारा नको! जनावर सावलींत बांधा आणि त्याच दिवशीं गुरांचा डॉक्टर बोलवा.

नुसत्या कोयतीनें हें रान हटत नाहीं; छाटलें कीं दुप्पट फुटतें. जाळलें तरी बुडख्यांतून पुन्हां येतें. पहिल्या पावसानें माती मऊ झाली कीं कुदळीनें जमिनीखालीं दोन-तीन बोटें मूळ तोडावें आणि झुडूप उलटें करून वाळूं द्यावें. उतारावर सगळें एकदम काढूं नये, माती वाहून जाईल, पट्ट्यापट्ट्यानें काढावें. मोकळ्या पट्ट्यांत लगेच गवत व स्टायलो पेरावें, नाहींतर घाणेरीच परत येते. पहिल्या वर्षीं गुरें सोडूं नयेत, कापून घालावें. पुढचे दोन-तीन पावसाळे रोपें उपटावीं लागतात. बुरूड बंधूंनीं एक लक्षांत घ्यावें: कर्नाटकांत मलै महादेश्वर डोंगरांतले सोलिगा लोक याच काठ्यांच्या टोपल्या व खुर्च्या करतात.

आतां खरी अडचण. ज्याच्या गोठ्यांत गुरें त्याच्या नांवें जमीन नाहीं; ज्याच्या नांवें जमीन तो मुंबईस. एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नांवें. रान साफ करूं म्हटलें तर मालकाला धास्ती, कीं हा उद्यां कूळ म्हणून उभा राहील. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं कायदेमंडळांत खोतीविरुद्ध बिल मांडलें. पुढें १९४८ चा कुळकायदा झाला, १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. त्यामुळें कसणाराला जमीन मिळाली. त्याच कुळाचा नातू आज शेजाऱ्याच्या गाईला गवत नाकारतो आणि पुढें तीच जमीन बंगलेवाल्याच्या घशांत घालतो, याला काय म्हणावें?

गणपतीला, शिमग्याला चाकरमानी गांवीं येतातच. तेव्हां वाडीची बैठक बसवावी. मालकी मालकाची, गवत पांच वर्षें साफ करणाराचें, असा कागद जाणत्या वकिलास दाखवून सर्व नांवांच्या सह्यांनिशीं करावा. बायका कुदळ धरतील, त्यांची मजुरी रोख द्यावी. घरचेंच काम म्हणून बुडवूं नये. गायरान जेथें उरलें आहे, तेथें तर वीस सह्यांसाठीं अडून राहण्याचें कारण नाहीं. येत्या ग्रामसभेंत विषय काढावा आणि मृगाआधीं कुदळी पाजवून ठेवाव्यात.