वाघीण पाळायचा छंद

मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात हे आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना माहीत नाही. वॅगनचं झालं वाघीण! इतका झकास शब्द हाताशी असताना लोक 'बोगी बोगी' करत बसतात. असो. तर गेली काही वर्षं शनिवार-रविवारी मी वाघिणी बनवतो. 1:87 या प्रमाणात, म्हणजे जगभर ज्याला एचओ म्हणतात त्या मापात. इंजिन नाही, स्टेशन नाही, बोगदे नाहीत. नुसत्या वाघिणी.

माझं गाव मेढा. अख्ख्या जावळी तालुक्यात रुळाचा तुकडा नाही, गाडी बघायची तर साताऱ्याला माहुलीला जायचं. त्यामुळे पहिली वाघीण गावी नेली तेव्हा तात्यांनी ती तळहातावर उलटीपालटी केली आणि विचारलं, "आरं, पर हिला वढणार कोण?"

"कुणी नाही तात्या. अशीच ठेवायचीय."

"मग चिपाडाची बैलगाडी काय वाईट हुती?"

प्रश्न रास्त आहे. तेव्हा मी नुसता हसलो, उत्तर आता देतो.

इंजिनाचे फोटो सगळेच काढतात. पुण्यात कर्वे रोडवर 1998 पासून जोशींचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम आहे (पाहिलं नसेल तर या वीकेंडला जाच), तिथेसुद्धा पोरांचे डोळे इंजिनामागेच पळतात. वाघीण मात्र कुणी बघत नाही, आणि एक दिवस ती भंगारात जाते. मग तिचं माप कुणाकडेच नसतं.

हे अंदाजपंचे बोलत नाही. आपली बार्शी लाईट घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरची ही रेल्वे, रूळ अडीच फुटी. 1897 ला सुरू झाली, 1927 ला मिरजेपर्यंत पोचली, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. प्रत्येक चाकजोडीवर जास्तीत जास्त 5 टन वजन, मग ते इंजिनाचं असो की वाघिणीचं, हा त्याचा हिशोब. त्यामुळे हलक्या रुळांवरून जड माल गेला. याच कॅलथ्रॉपने इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची जेमतेम 13 किलोमीटरची रेल्वे केली. 1904 ला उघडली, 1934 ला बंद. पण तिच्यावर पुस्तकं आहेत, तिच्या डब्यांची किट मिळतात. बार्शी लाईटच्या वाघिणीचं किट मी आजवर एकाही दुकानात पाहिलेलं नाही. लाईन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली, विषय संपला. मला याचा राग येतो.

गंमत म्हणजे एचओच्या रुळात ब्रॉडगेज बसतच नाही! 1676 मिलिमीटर भागिले 87 म्हणजे 19.26. बाजारातला एचओ रूळ 16.5 चा, कारण तो युरोपी गेजवरून आलाय. म्हणजे तुमची बॉक्सएन कितीही सुबक असू दे, चाकं पावणेतीन मिलिमीटर आत. बार्शी लाईट मात्र 762 भागिले 87, 8.76. एन गेजचा 9 मिलिमीटरचा रूळ आयता मिळतो. ज्या रेल्वेला सगळे विसरले तीच मापात बसते.

सामान म्हणाल तर कार्डशीट, कटर, फेविकॉल. रिवेट हवेत? कार्डाला मागून पिनेने टोचा, पुढे टपोरे उमटतात. टाकीच्या वाघिणीला विजेच्या फिटिंगचा 32 चा पाईप जवळपास बसतो. खरा वेळ जातो तो अक्षरांवर. वाघिणीचा नंबर 11 आकडी: प्रकार, मालक रेल्वे, बांधणीचं साल, अनुक्रमांक, आणि शेवटी चेक डिजिट. सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज गुणिले 3, अधिक विषम स्थानांची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी तो आकडा. मी मनचे नंबर टाकतो, पण चेक डिजिट बरोबर असतो. (हसा! कोडमध्ये तुम्ही हेच करता.)

'जर्मन रेडीमेड घे की, पगार आहे' असं मित्र म्हणतात. घ्या ना, सुरेख असतात. पण 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून निघालेल्या दहा टाक्या पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचल्या, ती गाडी कुठला जर्मन बनवणार? एरवी तेल वाहणाऱ्या टाक्या कोट्याला वाफेने धुऊन आणल्या होत्या. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावली. मला तीच करायचीय. तेलाच्या टाकीवर झाकणाखाली काळे ओघळ काढायचे असतात, या धुतलेल्या. मग ओघळ काढायचे का पुसट ठेवायचे, यावर माझे दोन रविवार गेलेत.

एक टाकी साधारण 12.4 मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये 14 सेंटिमीटरच्या वर. पन्नास म्हणजे सात मीटर. आमचा हॉल साडेपाचचा आहे. बायकोने बेडरूमच्या दारातून पुढे काढायला तोंडी परवानगी दिलीय, लेखी अजून नाही. सध्या सात तयार आहेत.