समतेच्या आकड्यातील विषमता

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने त्या देशाचे दार सताड उघडले, असे त्याचे स्तुतिपाठकही म्हणतात आणि निंदकही. भेद एवढाच की, एकांना त्यात औदार्य दिसते, दुसऱ्यांना सर्वनाश. आमच्या मते हे सामाईक विधानच अर्धसत्य आहे.

पूर्वीचा बंदोबस्त जन्मभेदावर उभा होता, याविषयी वाद नाही. १८८२ मध्ये चिनी मजुरांना मज्जाव झाला, १९१७ मध्ये आशियाचा बहुतेक भाग निषिद्ध ठरला, आणि १९२४ च्या कायद्याने, इटालियन व पूर्व युरोपीय यहुदी यांची मोठी आवक नंतरची म्हणून, १८९० च्या जनगणनेचे जुने दफ्तर मुद्दाम बाहेर काढून, प्रत्येक राष्ट्राचा हिस्सा दोन टक्क्यांच्या हिशेबाने मुक्रर केला. महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात चाकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांना ते गोरे नव्हेत या सबबीवर १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वास अपात्र ठरवले. पुढे १९४६ मध्ये हिंदुस्थानावर वर्षाला शंभर जागांची मेहेरनजर झाली!

ही व्यवस्था १९६५ ने मोडली. परंतु त्याच कायद्याने मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धावर, जेथे तोवर संख्येची मर्यादाच नव्हती, १,२०,००० ची मर्यादा प्रथमच घातली, याचा उच्चार दोन्ही पक्ष टाळतात. मेक्सिकोतून करारावर शेतमजूर आणणारी ब्रासेरो योजना १९६४ अखेर बंद झाली होती. शेतांना मजूर हवेच होते, ते येतच राहिले, मात्र काल परवान्याने येणारा आज गुन्हेगार ठरला, आणि १९८६ मध्ये रीगन यांच्या कारकिर्दीत सुमारे २७ लाख लोकांचे वास्तव्य कायदेशीर करून घेण्याची पाळी आली.

१९६५ चा कायदा म्हणजे देशाचा वर्ण पालटण्याचा कट होता, हा आक्षेप तर हास्यास्पद आहे. नातेवाइकांना अग्रक्रम देण्याचा आग्रह फीगन या प्रतिनिधींनी धरला, तो वर्ण जसाच्या तसा टिकावा म्हणून. युरोप सुखवस्तू झाला, तिकडचे नातेवाईक आले नाहीत. आशियातून मात्र प्रथम डॉक्टर आणि इंजिनियर आले व मागाहून त्यांची भावंडे.

आता आमचा पक्ष. घालवलेला जन्मभेद समतेचा पोशाख घालून परतला आहे. १९९० च्या कायद्यान्वये कोणत्याही एका देशास कायम वास्तव्याच्या मर्यादित परवान्यांपैकी सात टक्क्यांहून अधिक हिस्सा सहसा मिळत नाही. ही मर्यादा आइसलंडला आणि भारताला सारखीच. शिवाय मोजला जातो तो जन्मदेश: पुण्यात जन्मलेला मनुष्य कॅनडाचा नागरिक झाला, तरी सामान्यतः भारताच्याच, दशकानुदशके न हलणाऱ्या रांगेत उभा राहतो. ही मर्यादा काढून अर्जाच्या तारखेवर क्रम लावावा, एवढेच आमचे म्हणणे. तसे केल्यास सर्व जागा भारतीय व चिनीच घेऊन जातील, असे उत्तर मिळते. पण कोणत्या देशात जन्मलेली माणसे फार झाली, याच चिंतेने १९२४ साली ते जुने दफ्तर उघडले गेले होते, आणि त्या चिंतेला तेव्हा जे अन्याय्य म्हणत, त्यांनी आज तिला न्याय्य म्हणण्याचे कारण द्यावे.