संगणकाचा हजेरीपट कोणाच्या हाती?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. महानगरांतील वाचकांना ही बातमी दोन ओळींची वाटली असेल. परंतु जेथे शाळा-महाविद्यालयांतील संगणक एकदा अनुदान मिळाले तेव्हा घेतलेले आणि पुढचे अनुदान केव्हा याचा पत्ता नसलेले असतात, तेथे ती अर्थसंकल्पाची बातमी आहे. विंडोज ११ ही प्रणाली जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर चालत नाही. २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत ज्याचे नाव आले त्या वाशीमसारख्या जिल्ह्याने धडधाकट यंत्रे भंगारात काढावीत, ही चैन परवडणारी नव्हे. त्यावर लिनक्सचा उपाय सुचविला जातो आणि तो योग्यच आहे. युनिक्सच्या कुळातील ही प्रणाली विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावर चालते, मराठी लिहू देते. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत संगणकप्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले होते, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली तर २००७ पासून आहे.

येथपर्यंतचा उपदेश सोपा आहे. अडचण पुढे आहे. बहुतेक मोठ्या संस्थांत कोणता कर्मचारी कोण, त्याचा पासवर्ड कोणता, त्याला कोणते दप्तर उघडण्याचा अधिकार आहे, याची मध्यवर्ती नोंद मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ या निर्देशिकेत असते. विंडोज २००० बरोबर आलेली ही निर्देशिका म्हणजे कार्यालयाचा हजेरीपट आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र. विंडोजचे यंत्र तिला जन्मतः ओळखते. लिनक्सचे यंत्र ओळखत नाही. त्याच्याजवळ स्वतःची छोटी यादी असते. म्हणजे दहा लिनक्स यंत्रे बसविली की दहा स्वतंत्र हजेरीपट तयार झाले.

यात बिघडले कोठे, असे विचारता येईल. युनिक्स माणसाला नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखते. फाइलवर ‘देशमुख’ असे लिहिलेले नसते. १००० असे लिहिलेले असते. बहुतेक लिनक्स यंत्रांवर जो पहिला वापरकर्ता निर्माण होतो त्याला हाच क्रमांक मिळतो. आस्थापना शाखेच्या यंत्रावर १००० म्हणजे देशमुख, लेखा शाखेच्या यंत्रावर १००० म्हणजे राठोड. दोघांच्या फाइली एका सामाईक कपाटात, म्हणजे सर्व्हरवर, गेल्या की देशमुखांचे कागद राठोडांचे होतात. यंत्राचा त्यात काहीही अपराध नाही. गोंधळ टाळण्यासाठी मग कार्यालये तोच जुना मार्ग स्वीकारतात: सर्वांना मिळून एकच नाव, एकच पासवर्ड, आणि तो पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवर.

या चिठ्ठीत खरा प्रश्न आहे. उद्या एखादी नोंद बदलली गेली, एखादे देयक चुकीचे निघाले, तर सही कोणाची? कागदाच्या काळात अक्षर ओळखता येत असे, टिपणीखाली आद्याक्षरे असत. सामाईक पासवर्डाला अक्षर नसते. २०२५ साली नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा कोणाच्या लॉगिनमधून काय झाले याचा शोध तपास यंत्रणेला घ्यावा लागला. शालार्थ ही वेतनाची वेगळी प्रणाली आहे, तिचा लिनक्सशी संबंध नाही हे मान्य. पण रोगाची जात एकच आहे. अशा वेळी चौकशीचा पहिला फेरा नेहमी सर्वांत कनिष्ठ लिपिकाच्या मेजाशी येऊन थांबतो. प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन असणे हे म्हणून वरिष्ठांच्या पाळतीचे साधन नसून कनिष्ठांचे संरक्षण आहे. कर्मचारी संघटनांनी ही मागणी स्वतःहून का करू नये?

तांत्रिक उपाय नवा नाही आणि त्याचा इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९९२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या जाळ्याशी बोलणारी ‘सांबा’ ही विनामूल्य प्रणाली लिहावयास घेतली. भाषेचे व्याकरण कोणी देत नव्हते. तारेवरून जाणारे संदेश ऐकून ते बसवावे लागले. २००४ साली युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि हे व्याकरण स्पर्धकांस उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. २००७ च्या सप्टेंबरात न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः उचलून धरला, आणि त्याच डिसेंबरात सांबाच्या मंडळींना १० हजार युरोंत ती कागदपत्रे मिळाली. २०१२ च्या अखेरीस आलेल्या सांबाच्या चौथ्या आवृत्तीत तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीची जागा घेण्याचीच सोय झाली. मक्तेदारी केवळ किमतीत नसते, ती दुसऱ्याशी बोलू न देण्यातही असते, याचे एवढे स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

आज लिनक्सवरील ‘विनबाइंड’ किंवा ‘एसएसएसडी’ या सेवा यंत्राला निर्देशिकेत दाखल करून घेतात. एका डोमेनपुरते, म्हणजे एका नोंदवहीच्या हद्दीपुरते, हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. परंतु नोंदवह्या अनेक असतात. संस्थेची एक, तिच्याशी संलग्न दुसऱ्या संस्थेची दुसरी, मुख्यालयाची तिसरी. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हाचे दप्तर ज्यांनी हाताळले असेल त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. (इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ हा जिल्हा होताच, १९०५ मध्ये तो मोडला गेला. एकाच गावाची दोन नावे हीदेखील नोंदवह्यांचीच कथा.) कर्मचारी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेला तर नवे कार्यालय त्याचे वेतन नव्याने सिद्ध करावयास लावत नाही; जुन्या कार्यालयाने दिलेल्या शेवटच्या वेतन प्रमाणपत्रावर विश्वास ठेवते. डोमेनांमधील ‘ट्रस्ट’ तो हाच. पासवर्ड एका नोंदवहीतून दुसरीत जात नाही. मुदतीचे, शिक्क्याचे एक तिकीट जाते. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात जन्मलेल्या ‘कर्बरॉस’ पद्धतीवर हे सारे चालते.

क्रमांकांचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, कारण दोन डोमेनांत एकच नाव आणि एकच शेपटीचा क्रमांक असलेली दोन माणसे असू शकतात. प्रत्येक यंत्राने ‘जो आधी आला त्याला आधी’ या न्यायाने क्रमांक वाटले तर दहा यंत्रांवर दहा प्रकार होतील. म्हणून प्रत्येक डोमेनला क्रमांकांची स्वतंत्र पट्टी द्यावी आणि त्या पट्टीतील क्रमांक ठरलेल्या गणिताने काढावा, म्हणजे सर्व यंत्रांवर एकच उत्तर येते. आणि नाव नेहमी डोमेनसह लिहावे. क्रमांक निर्देशिकेतच हाताने नोंदवून ठेवण्याचा दुसरा मार्ग काटेकोर आहे. पण त्याला रोज लक्ष घालणारा माणूस लागतो. जेथे एका तंत्रज्ञावर चार इमारतींचा भार असतो, तेथे गणितच बरे.

आणखी दोन बाबी केवळ आपल्याकडच्या. कर्बरॉसला घड्याळाची शिस्त लागते. यंत्राची वेळ पाच मिनिटांहून अधिक मागे-पुढे असली की तिकीट नाकारले जाते. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी मेलेली असते, वीज गेली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि लिपिकाला वाटते आपला पासवर्ड चुकला. दोन-चार दशक रुपयांच्या या बॅटरीची तरतूद कोणत्याही निविदेत आढळत नाही! दुसरी बाब, तार तुटल्यावर काय? एसएसएसडी मागील यशस्वी लॉगिनची खूण यंत्रावर जपून ठेवू शकते, त्यामुळे जाळे बंद असतानाही काम अडत नाही. परंतु या सवलतीला मुदत घातली नाही तर ती मूळ मांडणीप्रमाणे अमर्याद असते. बदली होऊन गेलेला माणूस जाळ्यापासून तुटलेल्या यंत्रावर महिन्यांनंतरही जुन्या पासवर्डाने बसू शकेल. सात दिवसांची मुदत पुरेशी आहे.

लिनक्स आणले म्हणजे खर्च संपला, असाही भ्रम नसावा. निर्देशिका मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहिली तर तिच्याशी जोडलेल्या लिनक्स यंत्रांसाठीही सामान्यतः प्रवेश-परवाने घ्यावे लागतात. ती सांबावर नेली तर परवाना वाचतो, पण जाणकार माणसाचे वेतन द्यावे लागते. हे दुसरे पैसे जिल्ह्यात राहतात. वाशीम, कारंजा, रिसोड येथील महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकून जी मुले पुण्याची गाडी पकडतात, त्यांच्यापैकी दोघांना जरी या कामावर नेमले तरी पाच-सहा संस्थांची निर्देशिका सांभाळता येईल. एकट्या महाविद्यालयाला हा खर्च जड आहे. तालुक्यातील संस्थांनी तो वाटून घेण्यास कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पुढील शैक्षणिक वर्षाच्या अंदाजपत्रकांत परवान्यांच्या शीर्षाशेजारी हे एक शीर्ष घालावयाचे आहे, आणि अंदाजपत्रके तयार करणारे लिपिक तेच आहेत ज्यांच्या पडद्याला ती चिठ्ठी चिकटलेली आहे.